छप्पर गेलं, नाव राहिलं

सोलापुरात सात रस्त्याकडं वळलं की सरकारी बंगले लागतात. मोठं आवार, झाडांआड दडलेलं घर, फाटकावर पाटी. गावठाणातल्या माणसाला ‘बंगला’ म्हटलं की आजही हेच डोळ्यांपुढं येतं: रस्त्यापासून लांब, चारी बाजूंनी मोकळं, दुसऱ्या घराच्या भिंतीला न टेकलेलं घर. हा शब्द मात्र मुळात घराचा नाही, छपराचा आहे. आणि ते छप्पर सोलापूरच्या कुठल्याच बंगल्यावर सापडत नाही.

बंगला म्हणजे बंगालचा. बंगालातली झोपडी बांबूची. बांबू वाकवून आढं केलं की त्याची रेघ मधे उंच आणि दोन्ही टोकांना झुकलेली होते, वळचणही तशीच वाकते, आणि तिकडचा धो धो पाऊस गवतावर न थांबता घसरून जातो. गरिबाच्या गरजेतून आलेला हा आकार मोगलांना इतका आवडला की त्यांनी तो संगमरवरात उतरवला. लाहोरच्या किल्ल्यातला १६३३चा नौलखा मंडप पाहावा, माथ्यावर चक्क बंगाली झोपडीची कमान आहे. मला या शब्दाच्या प्रवासातली ही सर्वांत सुंदर पायरी वाटते.

इंग्रजांनी शब्द उचलला तो राजवाड्यावरून नव्हे, झोपडीवरूनच. १६७६ साली हुगळीला स्ट्रेनशॅम मास्टर नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यानं आपल्या रोजनिशीत कंपनीच्या गलबतांवरच्या माणसांसाठी ‘बंगले’ उभारायची नोंद केली, आणि त्यांना झोपड्याच म्हटलं. पुढं साहेबानं त्या झोपडीला उंच जोतं दिलं, मधे दिवाणखाना काढला, भोवती व्हरांडा फिरवला आणि सभोवार आवार घातलं. आवाराचा ‘कंपाउंड’ हा शब्दही बाहेरचाच, बहुतेकांच्या मते मलायातल्या ‘कंपोंग’वरून आलेला.

१८१८ला सोलापूर इंग्रजांकडं गेलं, १८६०ला रेल्वे आली. लष्कर, सदर बझार, रेल्वे लाइन्स ही आजच्या वस्त्यांची नावंच सांगतात की गावठाणाबाहेर माळावर नवं गाव कुणासाठी वसलं. तिथं बंगला आला. गावानं तो लांबूनच पाहिला.

कारण गावाचं घर अगदी उलट होतं. वाडा रस्त्याला पाठ दाखवतो. बाहेर भिंत आणि दिंडी दरवाजा. आत सोपा, चौक, तुळशीवृंदावन. उजेड, वारा, बायकांचं बोलणं, सगळं चौकातून. माथ्यावर उतरतं छप्पर नाहीच, माळवद. शेजारच्या कन्नडात ‘माळिगे’ म्हणतात. लाकडी तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि मातीचा जाड थर, सगळ्यांत वर पांढरी माती. पाऊस बेताचा, मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणारा, अशा मुलखाला हेच छप्पर शोभतं. लहानपणी उन्हाळ्यात माळवदावर झोपलेलो मला आठवतंय. संध्याकाळी पाण्याचा शिपका मारला की त्या मातीचा वास अंथरुणाला लागायचा. मृगाआधी गाडीभर पांढरी माती वर चढायची, पसरून तुडवली जायची. एखाद्या वर्षी ते राहिलं तर भर रात्री ठिपक्याखाली पातेली मांडत बसायची.

बंगला बाहेर पाहतो, वाडा आत. पण बंगल्याचं हे मोकळेपण सगळ्यांना सारखं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. जुन्या बंगल्याच्या न्हाणीघराला बाहेरून एक वेगळं दार असे. मैला उचलणाऱ्यानं घरात पाऊल न टाकता मागच्या मागं यावं-जावं, यासाठी. शिवाशिव नकाशातच बांधून काढलेली होती.

गिरण्यांच्या आणि पेठांच्या पैशातून सोलापूरकरांनी मोठी घरं बांधली तेव्हा त्यांनाही नुसता ‘बंगला’ पुरला नाही. अप्पासाहेब वारदांनी आपल्या प्रासादाचं नाव ठेवलं इंद्रभुवन. सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ला झाली. तिचा कारभार ज्या वास्तूतून चालत आला ती हीच, शहराच्या वारशातली पहिल्या मानाची.

त्याच १९६४ साली आपला शब्द फार लांब, जर्मनीत जाऊन पोचला होता. मधल्या काळात तो इंग्लंडला गेला होता. केंटच्या समुद्रकाठी १८६९-७०च्या सुमारास सुटी घालवायची ‘बंगलो’ घरं उभी राहिली, आणि एकमजली टुमदार घर हा त्याचा अर्थ युरोपभर पसरला. बॉनमध्ये ऱ्हाइनकाठच्या उद्यानात चॅन्सेलर लुडविग एरहार्ड यांच्यासाठी वास्तुकार झेप रूफ यांनी निवासस्थान बांधलं, त्याचं नाव कान्त्सलरबंगलो. १९९९पर्यंत चॅन्सेलर ते वापरत होते. आज ती कायद्यानं जपलेली वास्तू आहे.

या घराचा आराखडा पाहिला तेव्हा मी थबकलो. एकमेकांना कोपऱ्याशी जोडलेले दोन चौकोन, प्रत्येकाच्या पोटात उघडा चौक, आणि वर सपाट छप्पर. भिंती काचेच्या असतील, पण वाकलेलं आढं नाही, बांबू नाही, वळचण नाही. बंगालचं नाव लावलेलं ते घर बंगालच्या झोपडीपेक्षा आमच्या माळवदाच्या चौकटीला जवळचं. जर्मन वास्तुकाराला माळवद ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, तरी तो तिथं पोचला याचा मला आनंद वाटतो.

इकडं सोलापुरात माळवदं उतरत गेली. तुळया विकल्या गेल्या, त्या जागी स्लॅब पडला, आणि त्या घरालाही लोक आता बंगलाच म्हणतात. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग आत सोडतो; फुटा-दीड फुटाच्या मातीचं काम चार-पाच इंचाच्या काँक्रीटला जमत नाही. म्हणून नव्या वसाहतींत बंगल्यांच्या गच्चीवर लोखंडी खांब उभे राहताहेत, आणि त्यांवर पत्र्याचं छप्पर, दोन्हीकडं उतरतं.