मागीलदारचा कंदील

गोव्यात, पेडण्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागीलदारी एक लाकडी खुंटी आहे. तिच्यावर आता छत्री लटकते. माझ्या लहानपणी तिथे रात्रभर वात बारीक केलेला कंदील असायचा. तो आजोबांसाठी. रात्री चार-पाच वेळा ते उठत, परसात जात. पावसाळ्यात पायाखाली साप-विंचू, म्हणून आजी खाटेखाली जुने पितळी भांडे सरकवून ठेवी. घर जागे व्हायच्या आत ते राखेने घासून माडाच्या बुंध्याशी पालथे पडलेले असायचे. त्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे गेले, डिचोली त्याच्या काही वर्षे आधी. उशिरा पोर्तुगीजांकडे आलेल्या या मुलखातल्या, म्हणजे नव्या काबिजादीतल्या, आमच्यासारख्या हिंदू घरांची मांडणी मात्र जुनीच राहिली: पुढे वसरी, मध्ये देवघर, मागे न्हाणी आणि परसू. शौचाची जागा सोवळ्याओवळ्यामुळे घरापासून लांब. तरण्या माणसाला त्याचे काही वाटत नसे. म्हाताऱ्याला रात्र जड जाई.

आजोबांना दशावतारी काल्याचा भारी नाद. पुढे पुढे ते मांडवात कडेला, अंधाराच्या बाजूला बसू लागले. मग जत्रेला जाणेच बंद झाले. ‘वय झालें’ म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला.

गोवामुक्तीनंतर दोनेक वर्षांनी त्यांची लघवी तुंबली. मांडवीवरचा पूल 1970 सालचा. त्याआधी पणजीला जायला बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी थांबावे लागे. पोट धरून वाकलेले आजोबा मला अजून दिसतात. पणजीत 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचे 1963 मध्ये महाविद्यालय झाले होते. तिथे रबरी नळी घातल्यावर त्यांना सुटल्यासारखे झाले. पण प्रोस्टेटची गाठ हाडांपर्यंत पोचली होती. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

गेल्या वर्षी, एकाहत्तराव्या वर्षी, मलाही प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. इंजेक्शन देताना डॉक्टरांनी सांगितले की हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 सालीच दाखवले होते. 1966 साली त्यांना नोबेल मिळाले. मी मनात हिशेब केला. आजोबा खाटेवरून उठत होते, तेव्हा त्यांच्या दुखण्याला आवर घालणारा उपाय जगात होता. ते बोलले असते, आम्ही विचारले असते, तर कदाचित वेळेत पोचले असते.

मग पणजीच्या बाजूला रोज किरणांसाठी जाणे सुरू झाले. आधी लघवी करायची, सांगितले तेवढे पाणी प्यायचे आणि अर्धा-पाऊण तास थोपवून धरायचे. मूत्राशय भरलेले असले की त्याचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून दूर राहतात. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र दर अर्ध्या तासाला लागू लागले, जळजळ वेगळीच. म्हापशाला एकदा थांबायचे, पर्वरीला पुन्हा. गाडीत रुंद तोंडाची, झाकणाची बाटली आणि पंचा ठेवला. दुपारनंतरचा चहा सोडला. पाणी तोडले नाही, कारण लघवी दाट झाली की आग वाढते. ते दिवसा प्यायलो, झोपण्याआधी दोन तास थांबवले. डॉक्टरांनी गोळीही दिली. मुलाने न्हाणीच्या वाटेवर दिवा लावला. उपचार संपल्यावर दोनेक महिन्यांत रात्रीच्या फेऱ्या दोनवर आल्या.

ती बाटली मी लपवली नाही. सून ती धुऊन उन्हात ठेवते, नातू विचारतो, आणि आम्ही त्याला सांगतो. आजीच्या पालथ्या भांड्यात सेवा होती, माया होती. शब्द तेवढा नव्हता.

पेडण्या-डिचोलीतल्या माझ्या वयाच्या पुरुषांना हात जोडून सांगतो: रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागत असेल, धार बारीक झाली असेल, तर घरात सांगा आणि तपासून घ्या. बहुतेकदा ती वयाने झालेली प्रोस्टेटची साधी वाढच निघते, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. रक्त दिसले किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आता वाटेत फेरीबोटीसाठी थांबावे लागत नाही.