समांतर जोडणीतील रोध व शक्तिव्यय

समांतर जोडणीतील रोध व शक्तिव्यय : (विद्युत् अभियांत्रिकी). दोन तारांमध्ये शेजारीशेजारी जोडलेल्या सर्व उपकरणांना सारखेच विभवांतर मिळते; म्हणून ज्याचा रोध कमी, त्यात शक्ती जास्त खर्च होते (शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध). २३० व्होल्टवर पेटलेल्या १०० वॅटच्या तंतुदिव्याचा रोध ५२९ ओहम, तर १,००० वॅटच्या इस्त्रीचा ५२.९ ओहम असतो. एकसर जोडणीत धारा समान असल्याने उलट घडते. समांतर उपकरणांचा एकमेकांवर परिणाम होत नाही, हे पाठ्यपुस्तकी विधान पुरवठ्याच्या तारेचा रोध शून्य धरला तरच खरे ठरते.

इतिहास : ओहम यांचा नियम १८२७, जूल यांचा उष्णतेविषयीचा नियम १८४१.

रेल्वे : तारेच्या रोधाचे मोल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवरून जाणाऱ्या कल्याण–कर्जत मार्गावर उत्तम समजते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर गाडी धावली आणि पुढे हीच पद्धत पुण्याच्या मार्गावर आली. ठाकुर्लीजवळचे चोळा वीजगृह रेल्वेने यासाठीच उभारले. वरची तार आणि रूळ यांच्यामध्ये प्रत्येक लोकल समांतर जोडलेली असते. गाड्या वाढल्या की एकत्रित रोध घटतो, धारा वाढते आणि तारेतील व्यय धारेच्या वर्गाने चढतो. १,५०० किलोवॅट घेणाऱ्या गाडीला १,५०० व्होल्टवर १,००० अँपिअर लागतात. तारेचा रोध ०.१ ओहम धरला तर १०० किलोवॅट तारेतच जातात. २५,००० व्होल्टवर (शक्तिगुणक १ धरून) धारा ६० अँपिअर आणि व्यय अवघा ३६० वॅट. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरील १,५०० व्होल्ट एकदिश विजेवरून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर होणारे रूपांतर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. प्रवाशाला न दिसणारे हे काम मोठ्या योग्यतेचे आहे.

सैल सांधा : उल्हासनगरच्या जीन्सच्या गाळ्यांत किंवा कोठेही, एका बोर्डावर अनेक इस्त्र्या लावताना हेच गणित लागू पडते. बोर्डामागचा सांधा सैल होऊन त्यात ०.५ ओहम रोध आला, तर वरील १,००० वॅटच्या इस्त्र्यांपैकी एक चालू असताना तेथे सुमारे ९ वॅट उष्णता होते. दोन लावल्यावर ३६, तीन लावल्यावर ८०. एका स्क्रूपाशी ८० वॅट म्हणजे प्लास्टिक वितळण्याइतकी उष्णता. तीन इस्त्र्यांची धारा १२.७ अँपिअर असते, त्यामुळे १६ अँपिअरचा एमसीबी (जादा धारेला आपोआप पडणारा खटका) पडत नाही. त्याला धारा कळते, सांध्याची उष्णता कळत नाही. बोर्ड कोमट लागला किंवा जळकट वास आला, की मेन बंद करून स्क्रू आवळून घ्यावा.