बुडालेल्यास उठविण्याची विद्या

देवगडच्या किल्ल्यावरील दीपगृह १९१५ सालचें आहे. गलबतांनीं खडकापासून दूर राहावें म्हणून तें उभारलें, व आजहि तें आपलें काम निमूटपणें करीत आहे. परंतु जहाज वाचविण्याची विद्या निराळी आणि पाण्यांतून काढून वाळूवर निजविलेल्या मनुष्यास वाचविण्याची विद्या निराळी. पहिलीचा इतिहास आपल्या किनाऱ्यानें आंग्र्यांच्या आरमारापासून अभिमानानें सांभाळला आहे. दुसरीचा मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. तो बहुतांशीं चुकांचा इतिहास आहे हें त्याचें एक कारण असेल. तथापि तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें. कारण त्यांतील कांहीं चुका अद्याप आपल्यांत जिवंत आहेत, आणि त्यांच्यापायीं मोलाचीं मिनिटें वायां जातात.

आरंभ प्राचीनांपासून करूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, शरीरांत शिरलेलें शल्य बाहेर कसें काढावें याचा विचार चालला असतां, ज्याचें पोट पाण्यानें भरलें आहे अशा मनुष्याचाहि उपाय सांगितला आहे. त्यास डोकें खालीं करून धरावें, दाबावें, हलवावें, वांति करवावी, अथवा तोंडापर्यंत राखेच्या ढिगांत पुरावें. आचार्यांच्या दृष्टीनें पाणी हेंच शल्य होतें. शल्य काढलें कीं व्याधि गेली. तर्क म्हणून यांत कांहीं दोष नाहीं. दोष आहे तो गृहीत धरलेल्या गोष्टींत. बुडालेला मनुष्य पोटांतील पाण्यानें मरत नाहीं. श्वास कोंडल्यामुळें रक्तांतील प्राणवायु संपतो म्हणून मरतो. पोट दाबल्यानें अन्न व पाणी वर येऊन उलट श्वासनलिकेंतच शिरण्याचा संभव असतो. हें सर्व आज ठाऊक असूनहि, बुडालेल्यास बाहेर काढतांच पहिला ओरडा होतो तो ‘पाणी काढा, पाणी काढा’ असाच!

याबद्दल आपणच तेवढे मागासलेले असें मानून खंत करण्याचें कारण नाहीं. युरोपांतील शहाण्यांची कथा याहून विचित्र आहे. विल्यम टॉसॅक नांवाच्या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १७३२ सालीं खाणींतील धुरानें गुदमरलेल्या एका मजुराच्या तोंडांत तोंडानें वारा भरून त्यास जिवंत केलें. १७४० सालीं पॅरिसच्या विज्ञान-अकादमीनें बुडालेल्यांसाठीं हाच उपाय सुचविला. १७६७ सालीं ॲमस्टरडॅममध्यें व १७७४ सालीं लंडनमध्यें बुडालेल्यांस वांचविणाऱ्या मंडळ्या स्थापन झाल्या. म्हणजे खरा मार्ग हातीं आला होता. पण त्याच मंडळ्या गुदद्वारांतून तंबाखूचा धूर भरण्याचाहि उपदेश करीत; आणि पुढें प्राणवायूचा शोध लागला तेव्हां, दुसऱ्यानें बाहेर टाकलेला वारा दूषित, तो कसला जीव देणार, असें म्हणून तोंडानें श्वास देण्याची रीतच मागें पडली. एका खऱ्या ज्ञानानें दुसऱ्या खऱ्या ज्ञानाचा असा बळी घेतल्याचें उदाहरण विरळा.

त्यानंतरचीं शंभर वर्षें हातपाय हलविण्यांत गेलीं. मार्शल हॉलनें १८५६ सालीं रोग्यास कुशीवर व पालथें आळीपाळीनें वळविण्याची रीत काढली. सिल्व्हेस्टरनें १८५८ सालीं उताणें निजवून हात वर ओढण्याची. शेफरनें १९०३ सालीं पालथें निजवून पाठ दाबण्याची. डेन्मार्कच्या होल्गर नील्सननें १९३२ सालीं पाठ दाबून कोपरें उचलण्याची. प्रथमोपचाराच्या वर्गांतून ‘कृत्रिम श्वासोच्छ्वास’ म्हणून पिढ्यान् पिढ्या याच रीती पाठ करविण्यांत आल्या. पण त्यांनीं वारा खरोखर आंत जातो कीं नाहीं, हें नीट मोजलें गेलें १९५० नंतर. अमेरिकेंत जेम्स ईलम यानें दाखविलें कीं, आपण बाहेर टाकतों त्या श्वासांत सुमारें सोळा टक्के प्राणवायु उरलेला असतो व तो दुसऱ्यास जगविण्यास पुरतो. पीटर सफर यानें, औषधानें ज्यांचा श्वास मुद्दाम थांबविला होता अशा स्वयंसेवकांवर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, बेशुद्ध मनुष्याची जीभ मागें पडून वाट बंद होते. ती वाट मोकळी केल्यावांचून पाठ दाबा कीं हात ओढा, वारा आंत फारसा जातच नाहीं. मान मागें, हनुवटी वर, नाक चिमटींत, आणि तोंडांत श्वास – टॉसॅकपाशीं सोडलेला धागा सव्वादोनशें वर्षांनीं पुन्हा हातीं आला.

येथवर श्वासाची कथा झाली. हृदयाची कथा निराळी आहे, आणि तिचा एक अध्याय आपल्या शेजारीं घडला. मराठवाडा ज्या राज्यांत होता त्या निजामच्या हैदराबादेंत, डॉ. एडवर्ड लॉरी याच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मविषयीं दोन कमिशनें बसलीं. क्लोरोफॉर्म देतांना मनुष्य दगावतो तेव्हां आधीं श्वास थांबतो कीं आधीं हृदय, हा वादाचा प्रश्न होता. शेंकडों जनावरांवर प्रयोग करून कमिशननें निकाल दिला कीं, श्वासच आधीं थांबतो. श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणजे झालें. १९११ सालीं लेव्ही यानें दाखविलें कीं तसें नेहमींच होत नाहीं. क्लोरोफॉर्मनें हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरूं लागतें व मनुष्य तत्क्षणीं मरूं शकतो. कमिशनची चूक प्रयोगांत नव्हती, एका प्रकारच्या मृत्यूवरून सर्व मृत्यूंचा नियम बांधण्यांत होती. वाचकांनीं ही चूक ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

थांबलेलें हृदय चालू करावयाचें तर छाती उघडून तें हातांत धरून दाबावें, असा बराच काळ समज होता. १८९१-९२ च्या सुमारास जर्मनींतील मास यानें छातीवरूनच दाब देऊन रोगी वांचविले होते. पण तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९४७ हें वर्ष या बाबतींत चमत्कारिक आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत क्लॉड बेक यानें शस्त्रक्रियेंत थरथरूं लागलेलें एका मुलाचें हृदय विजेच्या झटक्यानें ठिकाणावर आणलें. त्याच वर्षीं १७ जुलैस मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, व कोंकणांतल्या असंख्य घरांत अवसेच्या दिवशीं आकांत झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत भूल देणाऱ्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्था जन्मास आली. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशीं त्या वेळीं कांहींहि संबंध नव्हता.

संबंध जोडला तो एका विजेच्या इंजिनिअरानें. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील विल्यम कौवेनहोव्हन हे तारांवर काम करणारे मजूर झटक्यानें कां मरतात याचा शोध करीत होते. त्यांचा तरुण सहकारी निकरबॉकर याच्या ध्यानांत आलें कीं, कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबून धरल्या कीं विजेचा झटका देण्यापूर्वींच रक्ताचा दाब किंचित् वर चढतो. हेंच सूत्र धरून, डॉ. ज्यूड यांच्यासह त्यांनीं १९६० च्या जुलैंत निबंध प्रसिद्ध केला. छाती उघडण्याचें कारण नाहीं, यंत्राचें कारण नाहीं. दोन हात असले म्हणजे पुरे, हें त्याचें सार होय. सफरचा श्वास व कौवेनहोव्हनचा दाब एकत्र आले आणि आज ज्यास सर्व जग ‘सीपीआर’ म्हणतें ती विद्या पूर्ण झाली. स्टाव्हँगर या नॉर्वेंतील बंदरगांवच्या ऑस्मुंड लेर्डाल नामक खेळणीवाल्यानें ती शिकविण्यासाठीं बाहुली केली, व तिला चेहरा दिला तो एका अज्ञात तरुणीच्या मुखवट्याचा. ती पॅरिसच्या सेन नदींत बुडून मेली असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, जिला कोणी वांचविलें नाहीं तिच्या मुखावर जगानें वांचविण्याचा अभ्यास केला!

आतां प्रत्यक्ष कृतीविषयीं. मनुष्य हांकेस ओ देत नाहीं, श्वास घेत नाहीं किंवा नुसते आचके देतो, इतकें दिसलें कीं पुरे. आचका म्हणजे श्वास नव्हे. एकानें १०८ क्रमांकास कळवावें, दुसऱ्यानें आरंभ करावा. घट्ट जमिनीवर उताणें निजवून, छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टांच ठेवावी, तिच्यावर दुसरा हात; कोपरें ताठ. मोठ्या माणसाची छाती पांच सेंटिमीटर दबावी, सहाच्या पलीकडे नको. वेग मिनिटास शंभर ते एकशेंवीस. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊं द्यावी, कारण हृदय भरतें तें त्याच क्षणीं. तीस दाब, दोन श्वास. प्रत्येक श्वासानें छाती उचललेली दिसली पाहिजे. मध्यें थांबूं नये, आणि दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा. आम्ही प्रथम बाहुलीपुढें गुडघे टेकले तेव्हां हा शेवटचा नियम अनावश्यक वाटला होता. दुसऱ्या मिनिटाच्या अखेरीस दाब उथळ पडूं लागले, आणि तें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं, शिकविणारानें सांगितलें तेव्हां कळलें. पोहणें जसें वाचून येत नाहीं तशीच ही विद्याहि वाचून येत नाहीं.

मुंबईंत १९४७ सालीं जन्मलेल्या त्या संस्थेनें २०१७ सालीं सामान्य जनांकरितां केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धति प्रसिद्ध केली. अनोळख्याच्या तोंडास तोंड लावण्यास लोक कचरतात, व त्या संकोचांत कांहींच करीत नाहींत; त्यापेक्षां दाब तरी द्यावा, हा विचार योग्य आहे. बाजारपेठेंत वा कचेरींत अकस्मात् कोसळणाऱ्याचें हृदय आधीं थांबतें, त्याच्या रक्तांत प्राणवायु शिल्लक असतो. त्यास नुसता दाबहि तारतो. पण बुडालेल्याचें तसें नाहीं. त्याचा श्वास आधीं थांबला, प्राणवायु संपला, आणि मग हृदय थांबलें. त्याचें प्राणहीन रक्त कितीहि फिरविलें तरी काय उपयोग? म्हणून त्यास प्रथम दोन ते पांच श्वास, नंतर दाब, असा क्रम सांगितलेला आहे. हैदराबादचा तोच प्रश्न येथें पुन्हा उभा राहतो: आधीं काय थांबलें? शहरांतील मृत्यूवरून किनाऱ्यावरील मृत्यूचा नियम बांधूं तर कमिशनचीच चूक आपण नव्यानें करूं. देवगडनें, मालवणनें, वेंगुर्ल्यानें ही विद्या श्वासासकट शिकली पाहिजे. श्वास देणें जमत नसेल तेथें नुसता दाबहि चालू ठेवावा. कांहींच न करणें हेंच काय तें वर्ज्य.

हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीचा नाहीं. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणजवळ वायरीच्या समुद्रांत बेळगांवचे आठ विद्यार्थी बुडाले. ६ डिसेंबर २०२३ रोजीं सर्व देशभर सीपीआर शिकविण्याची सरकारी मोहीम झाली. आणि त्याच महिन्यांत देवगडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेलीं मुलें समुद्रानें नेलीं. तीं या विद्येनें वांचलींच असतीं असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. जो पाण्यांतून वेळेवर बाहेरच येत नाहीं त्यास कोणतीहि विद्या उपयोगाची नाहीं. परंतु जो बाहेर येतो, त्याचें काय? मेंदूस प्राणवायु न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत इजा होऊं लागते. वाड्यावाड्यांनीं पसरलेल्या आमच्या गांवांत तितक्या अवधींत रुग्णवाहिका कोठून येणार? तेथें असतो तो रापण ओढणारा गाबीत, होडीवरचा तांडेल, नारळपाणी विकणारी बाई, शाळा सुटून वाळूवर आलेलीं मुलें. मनुष्यास पाण्यांतून ओढून आणण्याचें धैर्य या लोकांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. एकसुरानें जोर लावण्याचा ताल तर रापणकरांच्या हातांत जन्मतःच आहे. उणीव आहे ती पुढच्या दहा मिनिटांच्या ज्ञानाची.

नारळी पौर्णिमेस आपण दर्यास नारळ अर्पण करतों व होड्या पुन्हा पाण्यांत घालतों. त्याच दिवशीं बंदरावर एक बाहुली आणून प्रत्येक होडीच्या माणसांनीं दोन-दोन मिनिटें तिच्यापुढें गुडघे टेकावे, आणि हें दरवर्षीं चुकूं नये, असें आम्हांस सुचवावयाचें आहे. खर्च थोडा, वेळ थोडा. ज्या चुका सुधारण्यास जगाला शेंकडों वर्षें लागलीं, त्या देवगडास एका सकाळींत सुधारतां येतील.