ॲपचा बॅकअप : एका हक्काचा इतिहास

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढाया, अशी समजूत शाळेत करून दिली जाते. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यावर आमची समजूत थोडी निराळी झाली आहे. हत्यारांनाही इतिहास असतो. हत्यार कोणाच्या मालकीचे, या प्रश्नालाही असतो. विणकर घरी विणी तोवर माग त्याचा होता. तो गिरणीत गेला आणि माग मालकाचा झाला. आज रिक्षावाल्यापासून घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरापर्यंत कित्येकांचे हत्यार म्हणजे मोबाइल फोन व त्यातील ॲप्स. फोन फुटला, हरवला, तर हे हत्यार पुन्हा हाती कसे यावे, याचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास आपण पाहू.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ॲप ही एक वस्तू. त्यात आपण जमवलेला मजकूर, म्हणजे हिशेब, निरोप, छायाचित्रे, ही दुसरी. रंधा आणि रंध्याने घडवलेले दार यांत जो फरक, तोच येथे. बॅकअप म्हणजे जपून ठेवलेली नक्कल. ती कशाची, कोठे आणि कोणाच्या परवानगीने ठेवायची, या तीन प्रश्नांतच सारा इतिहास आहे.

१९९६ साली अमेरिकेत पाम पायलट हा तळहातावर मावणारा संगणक निघाला. त्याची स्मृती बॅटरीवर जगे. बॅटरी संपली की पाटी कोरी. म्हणून सोबत एक बैठक मिळे. तीवर यंत्र ठेवून एक बटण दाबले की मजकुराची नक्कल टेबलावरील संगणकात उतरे. साधन ओबडधोबड खरे, पण नक्कल धन्याच्याच घरी राही.

पुढे नोकियाच्या सिंबियन फोनांवर ॲप एका फाइलच्या रूपाने येऊ लागले. ती फाइल मेमरी कार्डात ठेवली की फोन पुसला तरी ॲप पुन्हा बसवता येई. पण २००४ मध्ये 'काबीर' नावाची कीड ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात शिरू लागली, आणि पहाऱ्याची गरज पटली. २००६ च्या सुमारास आलेल्या फोनांत ॲपवर प्रमाणपत्राची मुद्रा लागू लागली. मुद्रेची मुदत टळली की फोन ॲप नाकारी. मग लोक फोनमधील तारीखच मागे नेत व ॲप बसवून घेत! माणसाला हत्यार हवे असले की तो वाट काढतोच.

खरे वळण आले ते २००८ मध्ये. १० जुलै रोजी ॲपलने आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडले. प्रारंभी त्यात सुमारे ५०० ॲप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचे दुकान उघडले. सोय मोठी झाली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एकदा विकत घेतलेले ॲप नव्या फोनवर पुन्हा विनामूल्य उतरवता येऊ लागले. पण पूर्वी वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी असे. आता घरी केवळ पावती आली, आणि वस्तू दुकानात राहिली.

याचा परिणाम हळूहळू दिसला. आयफोनच्या ॲप्सची नक्कल आयट्यून्समधून घरच्या संगणकावर ठेवता येत असे. सप्टेंबर २०१७ च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. त्याच महिन्यात आलेल्या आयओएस ११ ने जुन्या ३२ बिटांच्या ॲप्सना दार बंद केले. १६ डिसेंबर २०१९ रोजी विंडोज फोन ८.१ चे दुकान मिटले. त्यानंतर तसा फोन ज्याने पुसला, त्याला ॲप पुन्हा आणायचे ठिकाणच उरले नाही.

अँड्रॉइडवर ॲपची फाइल हाती घेण्याची मोकळीक अधिक होती. डेटा महाग होता त्या दिवसांत आपल्याकडची मुले शेअरइट, झेंडर यांच्या साह्याने ॲप्स फोनाफोनांत वाटून घेत. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. ऑगस्ट २०२१ पासून गूगलच्या दुकानात येणारी नवी ॲप्स एकसंध फाइल म्हणून न येता फोनपरत्वे तुकड्यांनी येऊ लागली. एका फोनवरची नक्कल दुसऱ्याला चालेलच, ही खात्री गेली.

आता मजकुराकडे वळू. अँड्रॉइड ६ ने २०१५ मध्ये प्रत्येक ॲपचा २५ मेगाबाइटपर्यंतचा मजकूर आपोआप गूगलकडे जपण्याची सोय केली. मात्र ॲप बनवणाऱ्याने नकार लिहून ठेवला की नक्कल होत नाही. वापरणाऱ्याला विचारण्याचे कारण पडत नाही! दोन प्रणालींमध्ये तर नदीच आडवी. व्हॉट्सॲपचे निरोप अँड्रॉइडवर गूगलकडे, आयफोनवर ॲपलकडे जपले जात. एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नसे. आयफोनवरून अँड्रॉइडवर जाण्याची अधिकृत वाट २०२१ मध्ये, तीही आरंभी सॅमसंगच्या फोनांपुरती झाली. उलट दिशेची वाट २०२२ मध्ये झाली. अब्जावधी लोकांच्या ॲपला एवढ्या साध्या गोष्टीसाठी इतकी वर्षे लागली.

कोणी म्हणेल, हे सारे सुरक्षिततेसाठी आहे. त्यात तथ्य आहे. काबीरचे उदाहरण आम्हीच दिले. परंतु पहारेकरी हवा म्हणून घराची किल्ली कायमची त्याच्या खिशात द्यावी, हे आम्हास मान्य नाही.

श्रमिकाच्या दृष्टीने पाहा. गाडी चालवणाऱ्याचा फोन फुटला. नव्या फोनवर ॲप दोन मिनिटांत बसते. पण त्याच्या फेऱ्या, त्याची कमाई, त्याला मिळालेले शेरे हे फोनच्या बॅकअपमध्ये नसतातच. ते कंपनीच्या संगणकावर असतात. खाते चालू असेल तर दिसतात. बंद झाले तर तीन वर्षांच्या कष्टांचा पुरावा त्याच्यापाशी राहत नाही. गिरणीत निदान हजेरीपुस्तक तरी कोर्टात मागवता येई आणि पगाराची चिठ्ठी कामगाराच्या ट्रंकेत राही.

युरोपात २०१८ पासून स्वतःची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा कायदेशीर हक्क आहे. २०२४ मध्ये तेथे आयफोनवर ॲपलखेरीज इतरांच्या दुकानांनाही जागा द्यावी लागली. आपल्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क आहे. ती उचलून नेण्याचा नाही. ही उणीव भरून काढणे हे आता संघटनांचे काम आहे. महागाई भत्त्याच्या मागणीइतकीच ही मागणीही ठामपणे मांडली पाहिजे. तोवर प्रत्येकाने दर आठवड्याच्या कमाईच्या पानाचे चित्र काढून ते फोनबाहेर, घरच्या कार्डात किंवा संघटनेच्या कचेरीत ठेवावे. काम छोटे आहे. पण तंट्याच्या दिवशी तेच कागद बोलतील.