पपईचा चीक आणि आमच्या वहिनी



गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना लागलाय. म्हणाली, "आजोबा, माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे ना, म्हणून डॉक्टरांनी अँटी-डीचं इंजेक्शन दिलं. आजीला सांगितलं तर ती एकदम गप्पच झाली. काय झालं तिला?"

काय झालं ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते कधी कुणी बोललं नाही, म्हणून आज लिहितो. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात. कुणाला राग आला तर येवो.

माझ्या थोरल्या वहिनी लग्न होऊन पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी आल्या. पहिला मुलगा 1967 साली झाला, ठणठणीत. दुसरी मुलगी 1970 साली झाली. पहिल्याच दिवशी हळदीसारखी पिवळी पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तिसरं बाळ 1972 साली, सुजलेलं आणि मेलेलंच जन्माला आलं. ते दुष्काळाचं वर्ष. विहिरी आटलेल्या, गाव खडी फोडायला गेलेलं, पोरं सुकडीवर जगत होती. मी त्या वेळी बी.ए. ला होतो. माझ्या आईने सगळ्यांदेखत वहिनींना 'पांढऱ्या पायाची' म्हटलं. मी तिथेच ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. मान वर केली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी एका ऑपरेशनच्या वेळी वहिनींचा रक्तगट कळला, बी निगेटिव्ह. तिथल्या डॉक्टरांनी तीन बाळंतपणांचा क्रम ऐकला आणि सांगितलं, "हे आरएचचंच असणार." मी भाषा आणि इतिहास शिकवणारा मास्तर, विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरता. पण निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून वाचत गेलो.

रक्ताबद्दल वाचायला लागलं की मराठी माणूस आधी मुंबईत जाऊन पोहोचतो. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना मुंबईत असं रक्त सापडलं की ए, बी, एबी तर सोडाच, ओ गटाचं रक्तही त्याला चालेना. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे रेस आणि रूथ सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी त्यांची छाननी केली आणि सगळ्यांच्या नावाने 'लॅन्सेट'मध्ये टिपण आलं. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. ओ गटाच्या रक्तपेशींवरही एच नावाची एक खूण असते, ती या लोकांमध्ये नसते. त्यामुळे त्यांच्या रक्तात त्या खुणेविरुद्धच प्रतिपिंडं तयार असतात. नुसत्या पेशी तपासल्या तर हे रक्त ओ गटाचंच वाटतं, गंमत इथेच आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक जण असा असतो म्हणतात. शहराचं मुंबई झालं, रक्त अजून बॉम्बेच आहे. (आमच्याही गावाचं नाव बदललं, पण आमच्या पिढीच्या तोंडातून औरंगाबाद जात नाही.)

आता प्रतिपिंडाकडे वळू. ते इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं. दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या. जड साखळी हलकीच्या साधारण दुप्पट वजनाची. हे शोधलं इंग्लंडच्या रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेच्या जेराल्ड एडेलमन यांनी. पोर्टर यांनी 1959 साली प्रतिपिंडाचे तीन तुकडे केले, ते पपेन वापरून. पपेन म्हणजे पपईच्या चिकातला पाचक पदार्थ! मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईची फोड लावतात, तोच गुण. एडेलमन यांनी साखळ्यांमधले गंधकाचे सांधे सोडवले. त्यांना पुष्कळ मदत झाली ती मायलोमाच्या रुग्णांच्या रक्ताची. या कर्करोगात अस्थिमज्जेतल्या एकाच पेशीची बेसुमार पिलावळ होते आणि एकाच साच्याचं प्रतिपिंड रक्तात भरून राहतं. अशाच एका रुग्णाच्या प्रतिपिंडाची अख्खी मांडणी 1969 साली वाचून झाली. काही रुग्णांच्या पेशी तर नुसती तुटकी जड साखळीच बनवत राहतात. तो आजार फ्रँकलिन यांनी 1964 साली नोंदवला.

जड साखळीचे पाच प्रकार आहेत. त्यातले म्यू आणि गॅमा हे दोन आपल्या कामाचे. बॉम्बे गटातली ती प्रतिपिंडं बहुतांशी म्यू साखळीची. पाच-पाच एकत्र बांधलेली, अवाढव्य. ती वारेतून बाळापर्यंत जात नाहीत. गॅमाला मात्र वार ओळखते आणि स्वतःहून उचलून बाळाकडे पोहोचवते. आईला झालेल्या रोगांविरुद्धचं संरक्षण बाळाला मिळावं म्हणूनच ही सोय. वहिनींच्या बाबतीत तीच उलटली.

पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्यावरची परकी डी खूण पाहतं आणि आधी म्यू प्रतिपिंडं बनवतं. मग पेशी जड साखळी बदलतात, म्यूच्या जागी गॅमा. खूण ओळखणारं टोक तेच राहतं. शास्त्रज्ञ याला वर्ग बदलणं म्हणतात. हे वाचून मला हसू आलं, पोरगं तेच, फक्त वर्ग वरचा! पुढच्या खेपेला ही गॅमा प्रतिपिंडं वार ओलांडतात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. त्यातून ती कावीळ, ती सूज. म्हणून थोरला वाचला आणि पुढची दोन गेली.

याचं कारण अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी 1941 सालीच सांगितलं होतं. पेशींना चिकटलेली अशी प्रतिपिंडं दाखवणारी चाचणी कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी 1945 साली दिली. हे रेस म्हणजे पुढे मुंबईचे नमुने तपासणारे तेच. अँटी-डी इंजेक्शन परदेशात वापरात आलं 1968 साली. थोरला जन्मला 1967 ला, म्हणजे वहिनी लंडनला असत्या तरी ते एका वर्षाने हुकलंच असतं. पण बाळाचं रक्त बदलून जीव वाचवण्याची पद्धत तेव्हाही होती, आणि औरंगाबादेत मेडिकल कॉलेज 1956 पासून होतं. आम्ही पिवळ्या पोरीला तिथे नेलंच नाही. देवऋषाकडे नेलं.

पोर्टर आणि एडेलमन यांना नोबेल मिळालं 1972 साली. त्याच वर्षी आमच्या ओसरीवर ते वाक्य बोललं गेलं.

परवा गावी गेलो होतो. वहिनी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना कागदावर दोन साखळ्या काढून हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भावजी, म्हणजे पोरीला मी दूध पाजलं त्याने काही झालं नव्हतं ना?"

पन्नासहून जास्त वर्षं त्या हे मनात धरून बसल्या होत्या. मी नाही म्हटलं. आईच्या त्या शब्दांबद्दल आणि माझ्या गप्प बसण्याबद्दल माफीही मागितली. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या. निघताना म्हणाल्या, "हे मोठ्या अक्षरात छापून आणा. चष्म्यातून बारीक दिसत नाही."

आज छापायला टाकलंय.