वुडन यांचा पहिला हंगाम
मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन वुडन यांची दहा राष्ट्रीय विजेतेपदं सगळे सांगतात. मला त्यांचा १९४८-४९चा पहिला हंगाम मोठा वाटतो. त्यांना जायचं होतं मिनेसोटा विद्यापीठात. हिमवादळामुळे तिकडचा फोन वेळेवर आला नाही, त्यांनी यूसीएलए विद्यापीठाला होकार दिला आणि नंतर फोन आल्यावरही तो शब्द मोडला नाही. लॉस एंजेलिसमध्ये हाती आला आदल्या वर्षी १२ जिंकून १३ हरलेला संघ, आणि पैलवान व जिम्नॅस्टांसोबत वाटून घ्यायची कोंदट व्यायामशाळा. सरावाआधी ते स्वतः कोर्ट झाडत. मोजे कसे घालायचे तेही शिकवत. चुणी राहिली की फोड येतो, हे माझ्याही मुलींना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. जाणकारांनी तळाला धरलेला तो संघ २२ सामने जिंकला, ७ हरला आणि आपल्या लीगच्या दक्षिण विभागात पहिला आला. पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदाला मात्र १९६४ उजाडलं, तेही त्याच व्यायामशाळेत सराव करून.