पलटणीच्या कागदावरचा हुद्दा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत इतिहासावर एक लेख असावा, असे समितीने ठरविले आणि ते काम आमच्याकडे आले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभा राहतो तो भीमा कोरेगावचा स्तंभ. दरवर्षी एक जानेवारीला विहारातून गाडी निघते आणि ड्रायव्हरच्या मागची जागा आबांची असते. आबा फौजेतले निवृत्त. १९७१च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. त्यांचे नाव इथे घालायचे नाही, असे त्यांनीच आम्हाला बजावले आहे, म्हणून नुसते आबा.

काही वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर आबा एकदम म्हणाले, "पोरांनो, दगडावरची नावं तुम्ही दोनशे वर्षांनी वाचताय. माझ्या कागदावर काय लिवलंय, ते कवा वाचणार?" गाडीत सगळे हसले. आम्हीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी आबा जुनी पत्र्याची पेटी घेऊन विहारात आले, आणि मग आमचे हसणे बंद झाले. त्या पेटीची हकिकत शेवटी सांगू. आधी इतिहास सांगतो, कारण आबांचे म्हणणे त्यातूनच नीट कळते.

कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ची. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा, असे आठशेच्या आसपास लोक होते. रात्रभर चाल करून आलेले आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून लढलेले. पलटणीत महार होते तसेच इतर जातिधर्मांचेही शिपाई होते, हे खरे बोलले पाहिजे. पण पुढे कंपनी सरकारने तिथे जो स्तंभ उभारला, त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' म्हणजे महार. ज्या माणसाची सावली गावात चालत नव्हती, त्याचे नाव सरकारने दगडात कोरले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, ते याच अक्षरांसाठी.

आता याच लढाईची दुसरी बाजू पाहा. ती फारशी कुणी सांगत नाही. या लढाईचे पदक शिपायांना कधी मिळाले? लढाईनंतर लगेच नाही. १८५१ साली कंपनी सरकारने 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' काढले, त्यात कोरेगावची वेगळी पट्टी होती. म्हणजे मध्ये तेहतीस वर्षे गेली. आणि ते मेडल फक्त तोवर हयात असलेल्यांसाठी होते. लढाईत जो वीस वर्षांचा होता, तो आता त्रेपन्न वर्षांचा म्हातारा. मेडल निघाल्याचे त्याच्या गावी कोण सांगणार? त्याला वाचता येत नाही, आणि अर्ज लिहून द्यायला ज्याच्याकडे जावे तो त्याला ओट्यावर चढू देत नाही. जो मेला त्याचे तर राहिलेच. सांगायचा मुद्दा असा की, पराक्रम करणे वेगळे आणि तो कागदावर आपल्या नावे लागणे वेगळे. दोहोंच्या मध्ये फार मोठी दरी असते, आणि आपली माणसे त्या दरीत पिढ्यान् पिढ्या पडली.

कागदावर नाव लागले तरी ते कोणत्या नावाने लागले, हाही प्रश्नच. जुन्या मुंबई लष्कराच्या कागदांत महार शिपायांना बऱ्याच ठिकाणी 'परवारी' म्हटलेले आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो यादीत 'महार' शोधत बसतो आणि आपला पणजोबा पलटणीत नव्हताच, असे समजून यादी मिटवतो.

पलटणीने आपल्याला काय दिले? पगार दिला, पेन्शन दिली, आणि शाळा दिली. शिपायांच्या मुलामुलींना फौजेत शिकणे सक्तीचे होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले, सुभेदार झाले. आजोबा मालोजीही फौजेतलेच. पण सगळ्यांत मोठी गोष्ट दिली ती हुद्दा. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे नुसते शब्द नव्हते. गावात जो जोहार घालून बाजूला उभा राहायचा, त्याला पलटणीत हाताखालचा शिपाई सलाम करीत होता, मग त्या शिपायाची जात कोणतीही असो. जन्माने दिलेली जागा पुसून टाकील असा आपल्याकडे तेव्हा एकच कागद होता आणि तो पलटणीचा होता.

तेच काहींना खुपले. १८५७च्या बंडानंतर इंग्रजांनी फौजेची फेरमांडणी सुरू केली. 'लढवय्या जाती' आणि 'न लढवय्या जाती' अशी वाटणी झाली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांना उत्तरेकडचेच शिपाई खरे वाटत. शिवाय जातवार पलटणी करायच्या, तर अस्पृश्य सुभेदाराच्या हाताखाली राहायला वरच्या जातीचे शिपाई राजी नव्हते. १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. एका हुकमाने कोरेगावची नावे दगडावर राहिली आणि त्यांची नातवंडे पुन्हा येसकरीला आली.

इथून अर्जांचा इतिहास सुरू होतो. तो लढायांच्या इतिहासाइतकाच शूर आहे, असे आम्हाला वाटते. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोली म्हणजे तेव्हा पेन्शनरांची वस्तीच. तिथे त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' उभी केली आणि १८९४ साली सेनापतीच्या नावाने मराठीत विनंतिपत्र तयार केले. आम्ही मूळचे क्षत्रिय, आमच्या वाडवडिलांनी सरकारची चाकरी इमानाने व शौर्याने केली, मग आम्हाला नालायक कसे ठरविता, असा त्याचा सूर होता. रामजी सुभेदारही स्वस्थ बसले नाहीत. भरतीबंदीविरुद्धच्या अर्जासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला ५१ गावच्या लोकांची सभा भरवून १५८८ सह्यांचा अर्ज सरकारला दिला. १९१० साली त्यांनी थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. मागणी किती साधी! फौजेत, पोलिसांत आणि सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर आम्हाला घ्या, एवढीच.

हे सारे अर्ज एका अर्थाने दुरुस्तीचे अर्ज होते. सरकारच्या दप्तरात एका सबंध समाजाची नोंद चुकीची पडली होती. ज्यांनी सुभेदारी केली त्यांच्यापुढे 'न लढवय्ये' असा शेरा मारला होता. आमचे पूर्वज भीक मागत नव्हते, ते शेरा खोडायला सांगत होते.

शेरा सहजासहजी खोडला गेला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध सरले, गरज सरली, १९२१ साली ती मोडली. बाबासाहेबांनी हा धडा विसरू दिला नाही. जुलै १९४१मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. भरतीबंदीपासून मोजले तर जवळजवळ पन्नास वर्षे लागली. वलंगकर आणि रामजी सुभेदार यांतले कोणीही तो दिवस पाहायला राहिले नव्हते.

आता आबांची पेटी. पेटीत एक डिस्चार्ज बुक, एक पेन्शनचा हुकूम आणि एक फोटो निघाला. फोटोत आबांच्या बाहीवर दोन फिती आहेत. दोन फिती म्हणजे नाईक. डिस्चार्ज बुकात मात्र हुद्दा 'सिपाही'. १९७१नंतर सरकारने 'पूर्वी स्टार', 'पश्चिमी स्टार' आणि 'संग्राम मेडल' काढले. आबांच्या कागदावर फक्त संग्राम मेडल होते, पश्चिमी स्टारचा पत्ता नव्हता. आबांनी आधी दोन-तीनदा साध्या कागदावर लिहून पाठविले होते. एकदाच उत्तर आले : फोटो हा पुरावा धरता येत नाही.

ते उत्तर कोरडे होते, पण नियमाने चूक नव्हते. फौजेत बढती झाली, लग्न झाले, मूल झाले, मेडल मिळाले की युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढते. तो रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि त्यावरून शिपायाच्या 'शीट रोल'वर नोंद चढते. ऑर्डर निघाला आणि नोंद चढवायची राहिली, तर माणूस फिती लावून फिरतो आणि कागदावर सिपाहीच राहतो. म्हणून नुसते "मी नाईक होतो" म्हणून भागत नाही. कोणत्या तारखेच्या, कोणत्या नंबरच्या ऑर्डरने, हे सांगावे लागते.

२००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली आम्ही शीट रोलची नक्कल मागितली. ती आली. त्यात बढतीची नोंद नव्हती. मग आबांना आठवले की त्यांच्याबरोबर त्याच दिवशी फीत चढलेला एक सोबती परजिल्ह्यात आहे. त्याच्या कागदावर ऑर्डरचा नंबर होता, आणि त्या एकाच ऑर्डरमध्ये दोघांची नावे! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज गेला. पश्चिमी स्टार आधी आला, टपालाने, एका छोट्या खोक्यात. हुद्द्याची दुरुस्ती यायला आणखी दीड वर्ष लागले.

पेन्शन वाढली नाही, हेही सांगून टाकतो. जुन्या नियमाने शेवटचे दहा महिने जो हुद्दा सलग भोगला त्याचीच पेन्शन बसे, आणि आबा नाईक म्हणून सातच महिने होते. आम्हाला वाईट वाटले. आबा म्हणाले, "पैशासाठी कोण भांडत होतं? माझ्या बापाला गावानं नावानिशी कधी हाक मारली नाही. मला पलटणीनं नाईक म्हटलं. ते कागदावर पायजे." आम्हाला वलंगकरांचे विनंतिपत्र खऱ्या अर्थाने तेव्हा समजले.

म्हणून उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. घरी कोणी फौजेत होते, तर त्यांची पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम आणि मेडलच्या कडेवर कोरलेले नाव-नंबर एकमेकांशी जुळतात का, ते पाहा. पत्नीचे नाव व जन्मतारीख आवर्जून तपासा, कारण एका अक्षराच्या चुकीने विधवेची पेन्शन अडते. म्हातारी माणसे आहेत तोवर सोबत्यांची नावे लिहून घ्या. पेन्शन न मिळालेल्यांनी तर विशेष घाई करावी, कारण त्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. अर्जाने झाले नाही, तर २००७च्या कायद्याने झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे आणि त्याचे पीठ मुंबईतही आहे. कोणाला अर्ज लिहिता येत नसेल, त्याने रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. आता आपल्या ओट्यावर चढायला कोणाला बंदी नाही.

यंदाही एक जानेवारीला गाडी निघेल. पुढच्या सीटवर आबा असतील, छातीवर दोन्ही मेडले असतील.

जयभीम! नमो बुद्धाय!